केलिमुतूची रंगीत तळी बघायचीत ना, मग मोनीत दोन रात्री ठेव

तुझं विचारणं असं की मे महिन्यात आई-बाबांना घेऊन इंडोनेशियाला जायचंय, बाली आणि कोमोडो ठरलंय, नऊ-दहा दिवस हातात आहेत, त्यात फ्लोरेस बेटावरचं केलिमुतू नॅशनल पार्क बसेल का. फोटोत दिसतात तशी तीन रंगांची तीन तळी खरंच दिसतात का, ज्वालामुखी जिवंत आहे तर धोका किती, बाबा ६४ चे आणि त्यांना दमा, आई कट्टर शाकाहारी, शिवाय तिला कुणीतरी सांगून ठेवलंय की तिथे मेलेल्यांचे आत्मे राहतात म्हणून ती आधीच बिचकलीय. सगळ्यांची उत्तरं देते, फक्त क्रम माझा.

मी नाशिकचीच, पंचवटीतली. बरीच वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, आता वर्षातून दोन-तीन छोटे ग्रुप घेऊन बाहेर पडते. केलिमुतूला पाच वेळा जाऊन आलेय आणि पाचातल्या दोन वेळा नुसतं धुकं बघून परत आलेय. हे आधीच सांगतेय कारण तुला जो कुणी ट्रॅव्हलवाला 'एक रात्र पुरे, पहाटे सूर्योदय बघा आणि दुपारी फ्लाइट पकडा' असं सांगतोय ना, त्याला हे माहीत नसतं किंवा माहीत असून तो सांगत नाही.

पहिल्यांदा माझंही तेच झालं. नऊ जणांचा ग्रुप होता, एका एजंटानं बनवून दिलेला प्लॅन होता, पायथ्याच्या मोनी गावात एकच रात्र. चारला उठलो, अंधारात गाडीनं वर, टॉर्च घेऊन पायऱ्या चढलो, आणि वर पोचलो तर काय, पांढरी भिंत. समोर दीडशे फुटांवर तळं आहे हे बोर्ड वाचून कळत होतं. कठड्याला धरून आम्ही तासभर उभे, केस ओले, चष्मे ओले, एक काका म्हणाले मॅडम हे तर आपण जुलैत ब्रह्मगिरीवर फुकटात बघतो. सात वाजता खाली उतरावंच लागलं कारण फ्लोरेसवरच्याच मौमेरे शहरातून विमान होतं, आणि गाडी निम्मा घाट उतरली असेल नसेल तोच मागे ढग फाटले आणि ऊन पडलं. ड्रायव्हरनं आरशात बघितलं, काही बोलला नाही. तेव्हापासून माझा एकच नियम, मोनीत दोन रात्री, म्हणजे दोन सकाळी हातात. त्यासाठी बालीची एक रात्र कापावी लागली तरी कापायची, बाली कुठे पळून जात नाही.

आता जागा कशी आहे ते सांगते. केलिमुतूची उंची १६३९ मीटर. आपली कळसूबाई १६४६. म्हणजे सात मीटरनं आपलीच जास्त, आई-बाबांना हे सांग, निम्मी भीती जाईल. आणि कळसूबाईसारखं पायथ्यापासून चढायचंही नाहीये, मोनी गावातून गाडी साधारण १३-१५ किलोमीटर वर जाते थेट पार्किंगपर्यंत, तिथून पुढे वीस मिनिटं ते अर्धा तास चालणं, आधी झाडीतली बरी वाट आणि शेवटी वरच्या पॉइंटला पायऱ्या. बाबांसाठी माझी टेस्ट सोपी आहे, वणीच्या गडावर ते पायऱ्यांनी जातात का ट्रॉलीनं? पायऱ्यांनी जात असतील, मधे बसत बसत का होईना, तर केलिमुतू त्याच्या मानानं काहीच नाही. ट्रॉलीनं जात असतील तरी पहिल्या दोन तळ्यांच्या कठड्यापर्यंत ते आरामात जातील, तिथून जे दिसतं तेही पुरेसं आहे, पायऱ्यांचा हट्ट नको.

नावावरून ग्रुपमध्ये कुणीतरी हसतंच, एकदा हसून घ्या आणि मोकळे व्हा. तिथल्या लिओ लोकांच्या भाषेत केली म्हणजे डोंगर आणि मुतू म्हणजे उकळणारा. माथ्यावर तीन विवरं आणि प्रत्येकात पाणी. पश्चिमेचं एकटं तळं ते तिवू आता बुपू, म्हणजे म्हाताऱ्यांचं तळं. पूर्वेकडची दोन एकमेकांना खेटून, मधे फक्त दगडाची एक पातळ भिंत, त्यातलं एक तिवू नुवा मुरी को फाई म्हणजे तरुण पोरापोरींचं आणि दुसरं तिवू आता पोलो म्हणजे जादूटोणा करणाऱ्यांचं, वाईट लोकांचं. तिवू म्हणजे तळं, आणि 'आता' हा नावाचाच भाग, आपलं 'आत्ता' नाही. पार्क १९९२ मध्ये जाहीर झालं आणि क्षेत्र जेमतेम ५,३५६ हेक्टर, इंडोनेशियाच्या मानानं अगदीच चिमुकलं. त्याच वर्षी तिथल्या ५,००० रुपियाच्या नोटेवर ही तळी छापली होती, जुनी नोट कुणाकडे मिळाली तर बाबांना घेऊन दे, त्यांना असल्या गोष्टी आवडतात असं तू लिहिलंयस.

फोटोचं आधी मिटवते. एकाच फ्रेममध्ये तीन तळी, एक फिरोजी, एक लालभडक, एक निळं, असे जे फोटो तू बघतोस ते विमानातून किंवा ड्रोननं काढलेले असतात, आणि बऱ्याच फोटोंना मागून रंग चढवलेला असतो. वरच्या पॉइंटवर उभं राहिलास की दोन तळी एका बाजूला आणि आता बुपू पाठीमागे, मोबाईलमध्ये तिन्ही एकदम मावत नाहीत. आणि रंग ऑर्डर देऊन मिळत नाहीत. मी पाच वेळात जे बघितलं (म्हणजे तीन वेळात, दोन धुक्यात गेल्या) त्यात को फाई दोनदा फिरोजी होतं आणि एकदा फिकट निळसर, दुधात निळ टाकल्यासारखं. आता पोलो एकदा कोऱ्या कॉफीसारखं काळपट, एकदा विटकरी, आणि एकदा चक्क शेजारच्यासारखंच हिरवं, तेव्हा ग्रुपमधल्या एका ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच रंग लपवून ठेवलाय. २०१६ मध्ये तर जानेवारी ते नोव्हेंबरात सहा वेळा रंग बदलल्याची नोंद आहे. तेव्हा लालच दिसलं पाहिजे असं डोक्यात घेऊन जाऊ नकोस.

रंग का बदलतो, हे मला इतक्यांदा विचारतात की आता त्याचं नाशिकी उत्तर तयार आहे. तुझे मामा का कोण दिंडोरीकडे द्राक्षं करतात म्हणालास ना, त्यांच्याकडे हिराकस असेल, फेरस सल्फेट, वेलीला लोह कमी पडलं की देतात ते. ताजी गोणी उघडली की खडे फिकट हिरवे असतात. तीच गोणी तोंड उघडं ठेवून पावसाळाभर शेडमध्ये पडू दे, वरचा थर पिवळट-तांबूस होतो, गंज आल्यासारखा. लोह तेच, फक्त हवेतला ऑक्सिजन लागला. नवीन बोअरचं पाणी कधी कधी बादलीत स्वच्छ दिसतं आणि तासाभरात लालसर होतं, तेही हेच. आता हे तळ्यात घाल. तळाशी भेगांमधून ज्वालामुखीचे वायू वर येतात, गंधकाचे, क्लोरीनचे, ते पाण्यात विरघळून पाणी जबरदस्त आंबट होतं, को फाईचं पाणी लिंबाच्या रसाइतकं आंबट आहे, पीएच २ च्या आसपास. असं पाणी आजूबाजूचा खडक खात बसतं आणि त्यातलं लोह आणि बाकी खनिजं ओढून घेतं. खालून वायूंचा जोर असला की ते पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि तळं हिरव्या बाजूला झुकतं. जोर कमी झाला, पाऊस आणि हवा यांचा ऑक्सिजन वरचढ झाला की लोह गंजतं आणि तळं लाल, तपकिरी, काळपट व्हायला लागतं. फिरोजी दुधाळपणा येतो तो बराचसा पाण्यात तरंगणाऱ्या गंधकाच्या बारीक कणांमुळे. तिन्ही तळ्यांची खालची नळी आणि वायूंचा पुरवठा वेगळा, म्हणून शेजारी शेजारी असूनही एकाचा रंग बदलला म्हणून दुसऱ्याचा बदलेलच असं नाही. म्हाताऱ्यांचं तळं सगळ्यात शांत, त्याचं पाणीही त्या मानानं कमी आंबट आणि रंग निळा ते गडद हिरवा.

लोणारसारखंच का, असंही विचारतात. नाही रे. लोणार उल्केनं पाडलेलं विवर, १.८ किलोमीटर रुंद, पाणी खारं आणि उलट्या टोकाचं, म्हणजे अल्कधर्मी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं ते मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून सांगितलं. केलिमुतूचा रंग रसायनांचा आणि लोणारचा जीवांचा. आणि आपल्या नाशिकचा काळा दगडही ज्वालामुखीचाच हे बाबांना माहीत असेल, पण इकडे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून पातळ लाव्हा पसरत गेला, थरावर थर, म्हणून पांडवलेणीला जाताना डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. आपल्याकडे ज्वालामुखीचं विवर म्हणून दाखवायला काही नाही. फ्लोरेसला समुद्राखाली ऑस्ट्रेलियाचा भूपट्ट इंडोनेशियाच्या खाली घुसतोय, तिथला लाव्हा चिकट, वायूंनी भरलेला, त्यामुळे तो पसरत नाही, फुटतो.

फुटतो म्हटल्यावर धोक्याचं. केलिमुतूचा शेवटचा उद्रेक १९६८ चा. म्हणजे झोपलाय असं म्हणायचं नाही, जागा आहे पण शांत बसलाय. २०२४ मध्ये काही काळ त्याची इशारा पातळी दोनवर नेली होती. तिथे चार पातळ्या असतात, एक म्हणजे नेहमीचं, दोन वास्पादा म्हणजे सावध, तीन सियागा, चार आवास. मॅग्मा इंडोनेशिया म्हणून तिथल्या सरकारचं अ‍ॅप आहे, त्यात रोजची स्थिती दिसते, निघायच्या आठवडाभर आधीपासून बघत जा. पातळी वाढली की कठड्यापासून लांब ठेवतात किंवा पार्क बंद करतात आणि तेव्हा गेटवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

खरं तर तुझ्या ट्रिपला केलिमुतूपेक्षा त्याच बेटावरचा दुसरा डोंगर जास्त नडू शकतो. फ्लोरेसच्या पूर्व टोकाला लेवोतोबी लाकी-लाकी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच्या उद्रेकात माणसं गेली, आणि २०२५ च्या जून-जुलैत परत मोठे स्फोट झाले, राख इतकी वर गेली की बालीची उड्डाणं रद्द झाली, दिल्लीहून बालीला निघालेलं एक विमान अर्ध्या वाटेवरून परत आणावं लागलं. मौमेरेचा विमानतळ तर त्याला आणखी जवळ. म्हणून दोन गोष्टी कर. शेवटच्या दिवशी फ्लोरेसहून बाली आणि त्याच रात्री बालीहून मुंबई असं कधीच लावू नकोस, मधे एक रात्र मोकळी ठेव. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना ज्वालामुखीच्या राखेमुळे रद्द झालेलं विमान त्यात धरलंय का ते बारीक अक्षरात वाच, सगळ्यांत नसतं.

बाबांचा दमा. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचार, मी डॉक्टर नाही. माझा अनुभव एवढाच की कठड्यावर साधारण दिवशी वास हलका असतो, दिवाळीत लवंगीची माळ उडवल्यावर जो येतो तसा, मधूनच कुजक्या अंड्याचा, आणि वाऱ्याची दिशा फिरली की जातो. पण ज्यांची छाती नाजूक आहे त्यांना तेवढ्यानंही ठसका लागतो. इनहेलर खिशात हवा, बॅगेत नको, बॅग नेमकी गाडीत राहते. कापडी किंवा एन-९५ मास्कचा वायूवर उपयोग नाही, धूळ अडते, वायू नाही अडत. वास वाढला की वारा आपल्या पाठीकडून तळ्याकडे जाईल अशा बाजूला सरकायचं, आणि खोकला थांबत नसेल तर सरळ खाली, फोटोसाठी थांबायचं नाही. थंडीनंही दमा उठतो हे लक्षात ठेव, पहाटे वर दहा-बारा डिग्री असतं आणि वारा असतो, निफाडची डिसेंबरची सकाळ समज. लोक बालीच्या हिशेबानं हाफ पँट घालून येतात आणि कुडकुडतात. आईला स्वेटर आणि कानटोपी घे, ती नको म्हणेल, तरी घे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळेचं. सगळं जग तिथे सूर्योदयाला जातं. मे मध्ये सूर्योदय सहाच्या आसपास. (त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, बाबांचं पहिले दोन दिवस गणित चुकेल.) सूर्योदय सुंदर असतो, नाही कशाला म्हणू, पण त्या वेळी तळ्यांवर ऊन नसतं. तळी विवरात खोल खाली आहेत, कडे उभे, सूर्य बराच वर आल्याशिवाय उजेड पाण्यापर्यंत पोचत नाही आणि तोवर पाणी राखाडी दिसतं. खरा रंग उघडतो साडेसात-आठच्या पुढे. आणि गंमत बघ, साडेसहाला सूर्य वर आला की निम्मी गर्दी सेल्फी काढून उतरायला लागते, कारण हॉटेलात नाश्ता वाट बघत असतो. तुम्ही बसून राहा. दुसऱ्या वेळी मी ग्रुपला शपथ घालून बसवलं होतं, पावणेआठला को फाईवर कड्याच्या सावलीची रेघ होती आणि ती हळूहळू मागे सरकत गेली, जिथून सावली गेली तिथे पाणी पेटल्यासारखं फिरोजी, अलीकडे अजून शिशासारखं. पाण्यावर मधोमध पिवळट तवंगाची एक लांब शेपटी होती, गंधकाची, ती गोल गोल फिरत होती, म्हणजे खालून काहीतरी ढवळत होतं. कुणी बोलत नव्हतं, एरवी हा ग्रुप सीबीएसच्या स्टँडसारखा कलकल करायचा. नऊ-दहानंतर ढग वर यायला लागतात, तेव्हा साडेसात ते नऊ ही तुझी खरी वेळ. म्हणून माझं म्हणणं, आई-बाबांना चारला उठवूच नकोस. पहिल्या सकाळी पाचला निघा, निवांत चढा. ती ढगात गेली तर दुसरी आहेच. पहिली चांगली मिळाली तर दुसऱ्या सकाळी गावातच झोपा काढा, मोनी फार गोड गाव आहे, भातशेती, धबधबा, समोर डोंगर.

वर स्थानिक बायका-बाप्ये थर्मास घेऊन बसलेले असतात, आल्याची कॉफी, कपातले नूडल्स, आणि विणलेल्या शाली. कॉफी घेच, थंडीत त्यासारखं काही नाही. शाली खरं तर मोनीत किंवा वाटेवरच्या गावात विणणाऱ्या बाईच्या हातून घे, त्याला तेनून इकात म्हणतात, सूत आधी बांधून रंगवतात आणि मग विणतात, आपल्या येवल्याच्या पैठणीच्या माणसाला दाखवलीस तर तो अर्धा तास उलटून पालटून बघत बसेल. वर माकडंही आहेत, वणीच्या माकडांची सवय असेल तर वेगळं सांगायला नको, पिशवी हातात दिसली की संपलं.

कठडा ओलांडायचा नाही, हे तू लहान नाहीस तरी सांगते. काठाची माती भुसभुशीत असते, खालून पाण्यानं आणि वायूनं पोखरलेली, वरून घट्ट दिसते. को फाई सव्वाशे मीटर खोल आणि आम्लाचं, पडलेला माणूस वर येत नाही. मी एकदा एका पोराला रील काढण्यासाठी कठड्यापलीकडे बसलेलं बघितलं आणि आपल्या हरिहरच्या पायऱ्यांवर लटकणारी पोरं आठवली. तिथल्या रक्षकानं त्याला काय सुनावलं ते भाषा न येताही कळलं.

पहाटे वर गेल्यावर एक पक्षी ऐकायला येईल, गारुगिवा म्हणतात, शिट्टी वाजवत एकामागून एक वेगवेगळे सूर काढतो, एकटाच दहा पक्ष्यांइतका. आईला गाण्याची आवड आहे ना, तिला झाडीतल्या वाटेवर थांबवून ऐकव, दिसत मात्र सहसा नाही.

पोचायचं कसं ते पटकन. मुंबईहून बाली, तिथून फ्लोरेसच्या पश्चिम टोकाचं लाबुआन बाजो, कोमोडोसाठी तिथे दोन रात्री. लाबुआन बाजोहून मोनीजवळच्या एंडे शहराला छोटं विमान मिळालं तर तेच घे. रस्त्यानं जायचा मोह होईल, ट्रान्स फ्लोरेस हायवे दिसायला अप्रतिम आहे, पण तो म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसारा घाट, असे दोन दिवस, तुझ्या वयाच्यानं करावा, आई-बाबांना नको. एंडे ते मोनी साधारण ५० किलोमीटर, तेही वळणावळणाचं, पावणेदोन-दोन तास धर, उलटीची गोळी निघायच्या आधी घ्यायची, वळण सुरू झाल्यावर नाही. एंडेत अर्धा दिवस मिळाला तर सुकार्नोंचं घर बघा. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, डच सरकारनं त्यांना १९३४ ते १९३८ तिथे नजरकैदेत ठेवलं होतं, साधं घर आहे, बाबांना केलिमुतूपेक्षा तेच जास्त आवडलं तर आश्चर्य वाटून घेऊ नकोस. परतताना एंडे किंवा मौमेरे, ज्या दिवशी जे विमान नीट असेल ते. मौमेरे मोनीपासून तीनेक तास.

व्हिसा भारतीयांना पोचल्यावर मिळतो, पाच लाख रुपिया (घाबरू नको, त्यांच्याकडे शून्यंच फार), ३० दिवसांचा, ऑनलाइन आधी काढला तर रांग वाचते. बालीचा पर्यटक कर दीड लाख रुपिया वेगळा. पासपोर्टला सहा महिने शिल्लक हवेत, बाबांचा बघ, निवृत्त माणसांचे पासपोर्ट नेमके संपत आलेले असतात. रोख पैसे एंडेतच काढून ठेव, पार्कचं तिकीट आणि वरची कॉफी दोन्हीला लागतात.

मे महिना चांगला निवडलायस. कोरडा हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर, मे म्हणजे पाऊस नुकताच गेलेला, डोंगर हिरवे, गर्दी जुलै-ऑगस्टइतकी नाही. दिवाळीच्या सुट्टीत जाणारे मला विचारतात तेव्हा मी हात आखडता घेते, नोव्हेंबरात तिथे ढग जमायला लागतात.

आईच्या जेवणाचं म्हणशील तर, फ्लोरेस बहुतेक ख्रिश्चन, डुक्कर सर्रास खातात, आणि शाकाहारी म्हणजे काय हे समजावताना मासे आणि कोळंबीची पेस्ट वेगळी सांगावी लागते. सांबालमध्ये तेरासी म्हणून कोळंबीचा खार असतो, तो वासावरून कळतो पण तोवर घास तोंडात गेलेला असतो. 'तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी' म्हणजे मांस, मासे, तेरासी काही नको, हे कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेव. तेंपे म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या वड्या, तळलेल्या फार छान लागतात, शेंगदाण्याच्या रसातलं गादो-गादो आहे, पण त्यात अंडं नको म्हणून सांगायचं, आणि मोनीत बटाट्याचे मोनी केक मिळतात, ते आपल्या पॅटिसचे चुलत भाऊ. अंडं चालत नसेल तर पॅकबंद थेपले, चिवडा, लोणचं न्याच. माझ्या बॅगेत चिवड्याचा किलोभर पुडा कायम असतो आणि तिसऱ्या दिवशी मांसाहारी मंडळीच तो संपवतात.

आणि आत्म्यांचं. आईला खरं तेच सांग, लपवू नकोस. लिओ लोकांचा समज असा की माणूस गेला की त्याचा आत्मा केलिमुतूला येतो, दारावर कोंडे रातू म्हणून राखणदार आहे, त्याच्याकडे आधी जातो, आणि मग वय आणि वागणूक बघून तीनपैकी एका तळ्यात त्याची सोय होते. दरवर्षी १४ ऑगस्टला पाती का नावाचा विधी असतो, वर जाऊन पूर्वजांना जेवण ठेवतात, भात, मांस, सुपारी-विडा, ताडाची दारू, मग नाच. आता मला सांग, जी बाई भाद्रपदात गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट बघते, जिच्या घरापासून वीस मिनिटांवर रामकुंडावर देशभरातून लोक अस्थी घेऊन येतात, तिला यात घाबरण्यासारखं काय आहे. माझ्या तिसऱ्या ग्रुपमध्ये सातपूरच्या एक मावशी होत्या, त्याच वर्षी त्यांचे यजमान गेलेले, मुलीनं जबरदस्तीनं आणलेलं. वाटेत विधीची जागा लागते, दगडांची, मी गाइडकडून एवढंच सांगितलं की इथे पूर्वजांना जेवण ठेवतात. त्या काही बोलल्या नाहीत. परतताना बघितलं तर त्यांनी पर्समधून सुपारी काढली आणि गाइडकडे बघितलं, चालेल का म्हणून. त्यानं मान हलवली. त्यांनी ती दगडावर ठेवली, आणि शेजारी थर्मास घेऊन बसलेल्या बाईनं आपल्या पिशवीतलं पान काढून सुपारीखाली सरकवलं, नुसती सुपारी ठेवतात का अशा चेहऱ्यानं. मावशी म्हणाल्या, बघ, हिला कळतं. मग दोघींनी एकाच कपातून कॉफी घेतली आणि अर्धा तास तिथून कुणी हललं नाही, विमान सुटतंय की काय म्हणून मीच घड्याळ बघत बसले.